आधी अवलंबितांना निलंबित करावे

यंत्रांना झोपवण्याचं काम माझ्याकडे आलं ते माझ्या शुद्धलेखनामुळे. ज्यांचं शुद्धलेखन चांगलं असतं त्यांनी ते लपवून ठेवावं, असा माझा आता सल्ला आहे. मी ते लपवलं नाही. आमच्या पाणीपट्टी कार्यालयाच्या फाटकावर ‘येथे वाहने लाऊ नये’ अशी पाटी होती. तिच्यातल्या ‘लाऊ’चं मी ‘लावू’ करून घेतलं आणि ‘नये’चं ‘नयेत’. तेव्हापासून कार्यालयात मला सगळे ‘अनुस्वार’ म्हणतात. त्या पाटीत अनुस्वाराचा कुठेच संबंध नव्हता, हे मी पुष्कळदा समजावून सांगितलं. शेवटी दमून सोडून दिलं. हल्ली मी बऱ्याच गोष्टी दमून सोडून देतो.

झालं असं, की आमच्या कार्यालयातले संगणक रात्रभर जागे असतात हे वरिष्ठ कार्यालयाच्या लक्षात आलं. माणसं दिवसभर जागी असतात की नाही, याची चौकशी त्यांनी कधी केली नव्हती. पण विजेचं बिल बोलतं, माणसं बोलत नाहीत. वरून आदेश आला की वापरात नसलेली यंत्रं आपोआप झोपली पाहिजेत. मग एका कंपनीचा इंजिनिअर आला, त्याने सगळ्या यंत्रांत काहीतरी घातलं, आणि साहेबांना दाखवलं. यंत्र झोपण्याआधी पडद्यावर इंग्रजीत काहीतरी लिहून येत होतं. साहेब म्हणाले, “हे आपल्या भाषेत हवं. अनुस्वारला बोलवा.”

मी रजेचा अर्ज घेऊन साहेबांकडे निघालोच होतो. बायकोला तिच्या बहिणीकडे न्यायचं दोन उन्हाळे राहिलं होतं. साहेबांनी अर्ज घेतला, त्यावर पेपरवेट ठेवला आणि म्हणाले, “हे तेवढं करून टाका, मग खुशाल जा.” सरकारी नोकरीत ‘तेवढं’ हा शब्द ऐकला की माणसाने खुर्चीला घट्ट धरून बसावं.

इंजिनिअर तरुण होता पण माझ्याहून दमलेला दिसत होता. डोळे लाल, दाढी वाढलेली. त्याने मला माझ्या टेबलाशी बसून सगळं समजावलं, मधून मधून जांभया देत.

“काका, संगणक म्हणजे एक वस्तू नाही,” तो म्हणाला. “कुटुंब आहे. प्रिंटर या डबीला लटकलाय, डबी त्या तारेला, तार आतल्या पट्टीला. जो लटकलाय तो अपत्य, ज्याला लटकलाय तो पालक. झोपवताना आधी अपत्याला झोपवायचं, मग पालकाला. पालक आधी झोपला तर अपत्य हाका मारत बसतं, आणि सगळं अडकतं. उठवताना उलट. आधी पालक, मग अपत्य.”

“हे तर आमच्या घरी रोज चालतं,” मी म्हणालो.

“घरी चालतं. यंत्रात चालत नाही, म्हणून तर आमची नोकरी आहे.” त्याने आणखी एक जांभई दिली. “आणि काही घटक असे असतात की त्यांचं नातं काही नाही, पण एकावाचून दुसऱ्याचं चालत नाही. पडद्याच्या दिव्याला वीज भलतीकडूनच येते. ती जागा आधी झोपली तर पडदा काळा.”

“म्हणजे भाडेकरू.”

“असं समजा. त्या सगळ्यांना म्हणायचं अवलंबित. अवलंबित जागा असेल तर ज्याच्यावर तो अवलंबून आहे त्याला झोपता येत नाही. तुमच्या इथला एक प्रिंटर झोपत नाहीये, त्याच्यापायी मी इथे दोन दिवस अडकलोय.”

त्या प्रिंटरमध्ये कुणीतरी पूर्वी दिलेला कागद छापायचा राहिला होता. कुणी दिला ते कुणालाच माहीत नव्हतं. एका न छापलेल्या कागदापायी प्रिंटर जागा, प्रिंटरपायी डबी जागी, डबीपायी यंत्र जागं, आणि यंत्रापायी इंजिनिअर. त्याच्याबद्दल मला फार वाईट वाटलं, पण माझ्या वाईट वाटण्याचा त्याला काही उपयोग नव्हता.

त्याने मला इंग्रजी वाक्यांचा कागद दिला. यंत्राला तात्पुरतं झोपवण्याला इंग्रजीत जो शब्द होता, त्याला आमच्या कार्यालयीन शब्दकोशात एकच प्रतिशब्द होता : निलंबित करणे. मला तो बघताक्षणी आवडला. अवलंबित आणि निलंबित! काय यमक जुळलं होतं. असं आयतं यमक माणसाच्या नशिबी क्वचित येतं.

कागद घेऊन घरी आलो. बायको म्हणाली, “अहो, ‘झोप’ म्हणा की सरळ.”

“सरकारी यंत्र झोपतं असं लेखी कसं देणार? आणि तेही आमच्या कार्यालयात?”

“मग ‘जरा पडतो’ म्हणा.”

भाषेच्या बाबतीत बायको माझं ऐकत नाही, आणि बाकीच्या बाबतीत मी तिचं ऐकतो, त्यामुळे घरात शांतता असते. पण तिने ही गोष्ट जिन्यात सांगितली, आणि जिन्यात सांगितलेली गोष्ट आमच्याकडे सगळ्या मजल्यांवर एकदमच पोहोचते.

आधी वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर खाली आले. हातात लाल पेन होतं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी ते लाल पेन खिशात ठेवतात, न जाणो कुठे कुणी चुकलं तर. त्यांनी माझा मसुदा वाचला आणि कपाळाला हात लावला.

“‘उपकरणास निलंबित करण्यात येत आहे. उपकरणाचे अवलंबित उपकरण. उपकरणाने प्रतिसाद दिला नाही.’ अहो, उपकरण, उपकरण, उपकरण! हा पुनरुक्तीचा दोष आहे. आम्ही शाळेत याचे निम्मे गुण कापायचो.”

“पण ते उपकरणाविषयीच आहे ना, मास्तर.”

“ते संदर्भावरून कळतं. सुज्ञ वाचकाला कळतं.” असं म्हणून त्यांनी सगळी उपकरणं लाल रेघेने कापून टाकली. मसुदा खरोखरच सुटसुटीत दिसू लागला. मी त्यांना चहा पाजला. आता वाटतं, नुसतं पाणी दिलं असतं तर बरं झालं असतं.

मग तळमजल्यावरचे वकील आले. त्यांना जिन्यात मास्तर भेटले होते.

“हे असं चालायचं नाही,” वकील म्हणाले. “कुणालाही निलंबित करायचं तर त्याला आधी कळवावं लागतं. आणि कारण द्यावं लागतं. कारणाशिवाय निलंबन कोर्टात एक मिनिट टिकणार नाही.”

“यंत्र कोर्टात जाणार नाही, वकीलसाहेब.”

“यंत्र नाही जाणार, पण यंत्राचा वापरकर्ता जाईल. उद्या त्याचं काम अर्धवट असताना पडदा काळा झाला तर तो कोणाला धरणार? तुम्हाला. मसुदा तुमचा आहे.” त्यांनी ‘तुम्हाला’ इतक्या गंभीरपणे म्हटलं की मी लगेच पेन उचललं. “सुरुवातीला ‘आपणास कळविण्यात येते की’ टाका आणि शेवटी ‘कारण’ टाका. मग तुम्ही सुरक्षित.”

मी सुरक्षित झालो. कापलेल्या ‘उपकरणा’च्या जागी ओघाने ‘आपण’ आलं. अंतिम मसुदा असा तयार झाला :

‘आपणास कळविण्यात येते की, आपणास निलंबित करण्यात येत आहे. कारण : दीर्घकाळ कोणतीही हालचाल आढळून आली नाही.’

‘तत्पूर्वी आपल्या सर्व अवलंबितांना निलंबित करण्यात येईल.’

‘अवलंबित अद्याप सक्रिय असल्याने आपले निलंबन तूर्त स्थगित ठेवण्यात येत आहे.’

‘पालकांनी प्रतिसाद न दिल्याने अपत्यास उठवता आले नाही.’

मी हे बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, “शेवटचं आपल्या मुलाच्या शाळेतून आलंय का?” मला तिचा राग आला. चांगलं काम केलं की घरातून कौतुक होत नाही, हा सगळ्याच लेखकांचा अनुभव असावा. मी मसुदा साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी खालच्या बाजूला सही केली. वरच्या बाजूला काय आहे ते साहेब सहसा बघत नाहीत. इंजिनिअरने तो यंत्रांत घातला, प्रिंटरमधला तो जुना कागद एकदाचा बाहेर काढला (कोरा निघाला) आणि जाता जाता माझ्या टेबलाशी उभ्या उभ्याच एक डुलकी काढली.

आता आमच्या हेडक्लार्कबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर येऊन कोसळलं. त्यांना कार्यालयात ‘पेन्शनर’ म्हणतात. नोकरीला लागले त्या दिवसापासून ते पेन्शनबद्दल बोलत आले, म्हणून. हा महिना संपला की ते खरोखरीचे पेन्शनर होणार होते. सडपातळ, इस्त्रीचा सदरा, सकाळी सगळ्यांच्या आधी हजर. त्यांची सून आमच्याच कार्यालयात पावती खिडकीवर बसते. सकाळी दोघं एकत्र येतात, संध्याकाळी एकत्र जातात. कार्यालयात ती त्यांना ‘साहेब’ म्हणते आणि फाटकाबाहेर पडल्यावर ‘बाबा’.

पेन्शनरांच्या टेबलावरही एक संगणक होता. पदाला शोभावा म्हणून दिला होता. त्याचा खरा उपयोग एकच : पावती खिडकीवरचा पावत्या छापायचा प्रिंटर जागेअभावी लांब तारेने त्याला जोडला होता. म्हणजे इंजिनिअरच्या भाषेत पेन्शनरांचं यंत्र पालक आणि पावती खिडकीचा प्रिंटर अपत्य. इंजिनिअरने त्या प्रिंटरला नावही तेच दिलं होतं : ‘पावती खिडकी’.

जेवणाच्या सुट्टीत पावती खिडकी चालू असते आणि पेन्शनर आपल्या टेबलाशीच डबा खातात; बाकीचे सगळे डबे घेऊन मागच्या खोलीत गेलो, आणि यंत्रं एकेक करून झोपायला लागली. परत आलो तर पहिली किंकाळी आली टंकलेखिकाबाईंच्या टेबलावरून.

“अगं बाई! मला काढलं!”

आम्ही धावलो. पडद्यावर माझं वाक्य होतं, ठळक अक्षरांत, एकही चूक नसलेलं. मी अभिमानाने सांगणार इतक्यात रोखपालांच्या टेबलावरूनही आवाज आला. मग अभिलेख शाखेतून. जो तो आपापल्या पडद्यासमोर उभा. सगळ्यांत वाईट गोष्ट ही, की कुणीही असं म्हटलं नाही की हे खोटं आहे. ‘दीर्घकाळ कोणतीही हालचाल आढळून आली नाही’ हे वाचून प्रत्येकाचा चेहरा असा झाला, जणू काही आज ना उद्या हे येणारच होतं.

साहेबांच्या खोलीचा दरवाजा आतून बंद झाला. आतून फायली हलवल्याचा आवाज येऊ लागला. असा आवाज त्या खोलीतून आम्ही पूर्वी ऐकला नव्हता.

मी ओरडून सांगू लागलो, “अहो, हे यंत्राचं आहे! यंत्र झोपतंय! माउस हलवा!” कुणीतरी माउस हलवला, पडदा उजळला, आणि मग जो हशा झाला त्यात माझं उरलंसुरलं सगळं गेलं. रोखपाल मला म्हणाले, “काय हो अनुस्वार, बायकोला आधी वाचून दाखवत जा.” मी वाचून दाखवलं होतं, हे मी सांगितलं नाही. साहेब दार उघडून बाहेर आले, कपाळ पुसत, आणि म्हणाले, “माझ्या खोलीत या.” तिथे काय बोलणं झालं ते मी सांगत नाही. रजेचा अर्ज पेपरवेटखालून निघाला आणि खणात गेला, एवढं सांगतो.

या सगळ्या गोंधळात पेन्शनर कुठे आहेत हे कुणी बघितलं नाही. त्यांच्या टेबलाकडे तसंही कुणी बघत नसे.

साहेबांच्या खोलीतून बाहेर आलो तर त्यांची खुर्ची रिकामी होती. पडद्यावर वाक्य होतं, पण आमच्यापेक्षा वेगळं. आमची यंत्रं एकटी होती. त्यांच्या यंत्राला अवलंबित होता.

‘आपणास निलंबित करण्यात येत आहे. कारण : दीर्घकाळ कोणतीही हालचाल आढळून आली नाही. तत्पूर्वी आपल्या सर्व अवलंबितांना निलंबित करण्यात येईल. अवलंबित : पावती खिडकी.’

आणि खाली : ‘अवलंबित अद्याप सक्रिय असल्याने आपले निलंबन तूर्त स्थगित ठेवण्यात येत आहे.’

पलीकडे खिडकीवर त्यांची सून ग्राहकांच्या पावत्या काढत होती. एक पावती छापली की पडद्यावर ‘स्थगित’ येई, जरा वेळ गेला की पुन्हा ‘पावती खिडकी निलंबित करण्यात येईल’. त्या बिचाऱ्या माणसाने सुट्टीभर हे बसून वाचलं असणार.

तेवढ्यात आवक शाखेतले कारकून एक कागद घेऊन आले. “सुट्टी संपता संपता हेडक्लार्कांनी हा दिला आणि गेले. बरं नाही म्हणाले. क्रमांक त्यांनी स्वतःच घातलाय.”

तो कबुलीजबाब होता. सुंदर वळणदार अक्षर. मी वाचला :

‘मी कबूल करतो की, दीर्घकाळ माझी कोणतीही हालचाल झालेली नाही. संगणक आल्यापासून माझ्या टेबलावर एकही फाइल आलेली नाही. मी रोज वेळेवर येतो व वेळेवर जातो. यात पावती खिडकीचा काहीही दोष नाही. ती दिवसभर सक्रिय असते, हे ग्राहक सांगतील. तरी मला थेट निलंबित करावे. तिला मध्ये घेऊ नये.’

कागदावर आवक क्रमांक होता, तारीख होती, शिक्का होता. ज्यांना सरकारी कागदांची सवय नाही त्यांना सांगतो : साधा कागद फाडता येतो. आवक झालेला कागद फाडता येत नाही, परतही देता येत नाही, तो फक्त पुढे जातो. हेडक्लार्कने आपल्या हाताने क्रमांक घातलेला कागद तर देवालाही फाडता आला नसता.

मी साहेबांकडे धावलो. साहेबांनी कागद उलटसुलट केला.

“कबुली आली म्हणजे चौकशी आली. चौकशी आली की पेन्शनची कागदपत्रं थांबली.”

“पण साहेब, मुळात आरोपच नाही! तो यंत्राचा मजकूर होता!”

“आरोप नसला तरी कबुली आहे ना. आरोप तयार करावा लागेल.” साहेबांना स्वतःलाच ते बरोबर वाटलं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं; पण नियम बरोबर होता. “चौकशीसाठी त्यांचं सेवापुस्तक काढा.”

सेवापुस्तकं हेडक्लार्कच्या कपाटात असतात. कपाटाची चावी हेडक्लार्ककडे असते. हेडक्लार्क घरी गेले होते. ते गैरहजर असताना कपाट उघडायचं तर परवानगीची नोंद लागते, आणि ती नोंद हेडक्लार्क करतात. मी इंजिनिअरला फोन लावला, काहीतरी मार्ग सुचेल म्हणून.

“काका, याला आम्ही गाठ म्हणतो,” तो झोपाळू आवाजात म्हणाला. “सगळे एकमेकांसाठी थांबलेत. अशा वेळी सगळं बंद करून परत चालू करतो.”

“कार्यालय बंद करता येत नाही रे बाळा.”

“मग जो मुळाशी आहे त्याला आधी उठवा,” तो म्हणाला. “बाकीचे त्याच्या मागोमाग उठतील.” आणि मला वाटतं तो तिथेच झोपला, कारण पुढे फोनवर नुसता श्वास ऐकू येत होता.

शेवटी साहेबांनीच वाट काढली. कबुली देणाऱ्याने स्वतः समक्ष येऊन, कारण देऊन ती मागे घेतली, तर ती टपालाबरोबर वरिष्ठ कार्यालयात जाणार नाही. टपाल संध्याकाळी जातं. त्याआधी आणा.

मी पावती खिडकीवर गेलो आणि त्यांच्या सुनेला सांगितलं. ती पुढच्या ग्राहकाला म्हणाली, “दहा मिनिटं थांबा,” खिडकी लावली आणि पर्स उचलली. दहा मिनिटांत होणार नव्हतं हे तिलाही माहीत होतं.

त्यांचं घर जवळच आहे. चालता चालता ती म्हणाली, “काका, घराचं कर्ज बाबांच्या पेन्शनवर काढलंय. हे परगावी असतात, तिथे पगार धड मिळत नाही. बाबांनी मला आजवर एकदाही जाणवू दिलं नाही. आणि तुम्ही...” पुढचं तिने गिळलं. मी मान खाली घालून चालत राहिलो. रस्त्यात एक दुकानदार ओळखीचा निघाला आणि त्याने ‘काय अनुस्वार!’ म्हणून हाक मारली. मला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

पेन्शनर पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. सदरा काढलेला नव्हता. पुढ्यात पाण्याचा भरलेला पेला होता, त्याला हात लावलेला नव्हता. सुनेला दारात बघून ते ताडकन उठले.

“तुला काढलं?”

“नाही बाबा. कुणीच कुणाला काढलं नाही.” आणि ती तिथेच दारात रडायला लागली. ते तिच्याजवळ गेले. काय करावं ते त्यांना सुचेना. त्यांनी तिच्या हातातली पर्स काढून घेतली आणि टेबलावर नीट ठेवली, पुन्हा उचलली आणि पुन्हा नीट ठेवली.

मग मी सगळं सांगितलं. मास्तरांनी कापलेली उपकरणं, वकिलांची कारणं, अपत्य, पालक, लांब तार, प्रिंटरचं नाव. मी स्वतःला फार शिव्या दिल्या. ते शांतपणे ऐकत होते. सुनेचा यात संबंधच नाही हे कळलं तिथे त्यांनी पेला उचलला आणि पाणी प्यायले, पेला रिकामा होईपर्यंत. मला वाटलं, सुटलो.

“म्हणजे पावती खिडकी म्हणजे तो प्रिंटर,” ते म्हणाले.

“तो प्रिंटर.”

“आणि हालचाल नाही, ते यंत्राबद्दल.”

“यंत्राबद्दलच. सगळ्यांच्या पडद्यावर तेच आलं होतं. रोखपालांच्यासुद्धा.”

त्यांनी रिकामा पेला खाली ठेवला. “म्हणजे माझ्याबद्दल वर कुणी काही बोललं नाही.”

“कुणी नाही. एक अक्षर नाही.”

“कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं?”

मी ‘नाही’ म्हणणार होतो, आनंदाने. पण त्यांचा चेहरा बघून ते शब्द तोंडातच राहिले. ज्या माणसाला इतका मोठा दिलासा द्यायला मी धावत आलो होतो, त्या माणसाचा चेहरा कोमेजला होता.

“संगणक आले त्या आठवड्यापासून फायली थेट साहेबांकडे जायला लागल्या,” ते म्हणाले. मला सांगत होते की स्वतःला, कळत नव्हतं. “मी वाट बघितली. म्हटलं, कुणीतरी विचारेल, की हेडक्लार्क, तुम्ही करता काय? मी उत्तर तयार ठेवलं होतं. रोज सकाळी कपाट उघडायचो, संध्याकाळी लावायचो. घरी या पोरीला सांगायचो, आज फार काम होतं. आज तो पडदा बघितला तेव्हा घाबरलो, खरंच घाबरलो. पण, अनुस्वार, खोटं कशाला सांगू, आधी मला बरं वाटलं. म्हटलं, चला. बघत होतं कुणीतरी.”

सुनेने डोळे पुसले होते. “बाबा,” ती म्हणाली आणि त्यांच्याकडे बघत राहिली, जसं काही ती त्यांना फाटकाबाहेर कधी भेटलीच नव्हती.

मला काहीतरी बोलायला हवं होतं. इतक्या वर्षांत त्यांचं टेबल माझ्या टेबलापासून हाकेच्या अंतरावर होतं. मी म्हणालो, “टपाल निघायच्या आधी पोहोचायला हवं.” याहून चांगलं वाक्य मला सुचलं नाही.

त्यांनी केस विंचरले, चपला घातल्या. आम्ही तिघं कार्यालयात आलो. सून आपल्या खिडकीवर गेली. तिथे रांग फाटकापर्यंत गेली होती आणि लोक चिडले होते. पेन्शनर आपल्या टेबलाशी बसले. कोरा कागद घेतला, समास सोडला आणि एकटाकी लिहिलं. मग स्वतःच आवक क्रमांक घातला, शिक्का मारला, आणि साहेबांपुढे समक्ष उभे राहिले.

दुपारच्या प्रकारानंतर साहेबांनी एक धडा घेतला होता : कागद वरून वाचायचा. त्यांनी वरून वाचला. मग पुन्हा वरून वाचला. त्यांनी पेन्शनरांकडे बघितलं नाही. कागद माझ्याकडे सरकवला.

“हे जरा... शुद्धलेखन बघा.”

मी वाचला. ‘आज रोजी दिलेला कबुलीजबाब मी मागे घेत आहे. कारण : त्यातील मजकूर खरा आहे, परंतु तो कोणी विचारला नव्हता.’

खोलीत पंख्याचा आवाज येत होता. बाहेर पावत्यांचा प्रिंटर करकरत होता. पेन्शनर ताठ उभे होते, हात मागे बांधून.

“‘विचारला’ की ‘विचारले’?” साहेबांनी विचारलं.

“मजकूर पुल्लिंगी आहे, साहेब,” मी म्हणालो. “विचारला.”

“मग बरोबर आहे,” साहेब म्हणाले, आणि त्यांनी सही केली.